गिरणीची चिमणी राखली, धोटा कुठे गेला?



मागच्या हिवाळ्यात आम्ही सहा जण लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात चित्रप्रदर्शन बघायला गेलो होतो. प्रवेश मोफत होता म्हणून गेलो, खरे तेच सांगितलेले बरे. गेटवर आमच्या बॅगा दोनदा उघडायला लावल्या. आमच्या पुढे असलेले जोडपे मात्र तसेच आत गेले. असो. आत गेल्यावर जागा आवडली, हेही कबूल करतो. उंच छप्पर, बिडाचे खांब, जुन्या विटांची भिंत मुद्दाम गिलावा काढून उघडी ठेवलेली, आणि वरून येणारा मऊ, एकसारखा उजेड. भिंतीवर एक पाटी होती. गिरणी कधी सुरू झाली, इमारत कोणत्या शैलीची, १९८२ चा संप, आणि आता 'सर्जनशीलतेचे नवे केंद्र'. दहा-बारा ओळींत सव्वाशे वर्षे आटोपली होती.

आमच्यापैकी एकाचे आजोबा गिरणीत होते. रिंग खात्यात. तो पाटी वाचून म्हणाला, "आजोबा या खोलीत कधी आले नसणार." आम्ही विचारले, का? तो म्हणाला, "वर बघा."

वर छपराला करवतीच्या दात्यांसारखे उतार होते. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तिचे तोंड उत्तरेला. ज्यांना गिरणीची बांधणी माहीत आहे त्यांच्या हे लगेच लक्षात येते. सूतकताईचे खाते बहुमजली इमारतीत असायचे. माग मात्र हादरे देतात, म्हणून विणकामाची शेड जमिनीवर, एकमजली बांधायची. ताण्यातला एक धागा तुटला तरी विणकऱ्याला दिसला पाहिजे, म्हणून छपरातून उत्तरेचा उजेड घ्यायचा; त्यात ऊन थेट येत नाही, सावल्या पडत नाहीत. चित्रे लावायलाही नेमका असाच उजेड लागतो. जगभर जुन्या कापड गिरण्यांची कलादालने होतात त्याचे एक साधे कारण हे आहे.

म्हणजे आम्ही उभे होतो ती जागा विणकाम खात्याची होती. आणि विणकाम खाते ही मुंबईच्या गिरणीतली अशी जागा होती, जिथे आमच्या आज्या-पणज्यांना पाऊल टाकायला बंदी होती. पाटीवर याचा एक शब्द नव्हता. म्हणून हा लेख.

आधी ही बंदी कशी चालायची ते नीट समजून घेऊ, कारण आपल्यातल्याही अनेक तरुणांना ती फक्त ऐकून माहीत आहे. मागावर आडवा धागा टाकतो तो धोटा. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. हात पोचत नाही, तेव्हा कामगार भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा, धागा बाहेर यायचा. काही मिनिटांनी कांडी संपते, पुन्हा तोंड. दिवसभरात शेकडो वेळा. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्या साचेवाल्याच्या तोंडी. आता ज्याच्या सावलीचाही विटाळ मानायचा त्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण साचेवाला कसा तोंडाला लावणार? संपला विषय. अस्पृश्यांना विणकाम खाते बंद.

लक्षात घ्या, हे खाते साधेसुधे नव्हते. साचेवाल्याचा पगार रिंग खात्यातल्या कामगारापेक्षा बराच जास्त. दोन-दोन साचे सांभाळणारा विणकर म्हणजे चाळीत मानाचा माणूस. आमच्या लोकांच्या वाट्याला आले ते रिंग खाते, झाडलोट, ओझी आणि बदली कामगाराची रोजची अनिश्चितता. कोकणातून, साताऱ्यातून, घाटावरून गावकी आणि वेठबिगारी सोडून माणसे मुंबईला आली ती यंत्राला जात नसते या आशेने. यंत्राला नव्हतीच. पण यंत्राच्या तोंडाशी माणूस उभा होता, आणि तो गावाहून जात घेऊन आला होता.

इथे एक गोष्ट सांगतो, ती आम्हाला फार बोलकी वाटते. तोंडाने ओढायचा हा धोटा काही मुंबईचा शोध नाही. तो इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये होता, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्येही होता. तिथले लोक त्याला मृत्यूचे चुंबन म्हणत. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात गेली की क्षयाचे जंतूही जातात, सुताची धूळ छातीत जाते, अशी तिथल्या डॉक्टरांची आणि कामगारांची तक्रार होती. मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्ये अशा धोट्यांवर कायद्याने बंदी घातली, लँकेशायरला १९५२ उजाडले. यंत्र तेच, थुंकी तीच. तिकडे प्रश्न उठला आरोग्याचा. इकडे उठला विटाळाचा. क्षयाची भीती आमच्याकडच्या साचेवाल्यालाही असायला हवी होती, परळ-लालबागच्या चाळींत क्षय काही कमी नव्हता. पण सवर्णाच्या थुंकीतून आलेला क्षय चालत होता, आणि महाराच्या हातचा निरोगी धोटा चालत नव्हता!

१९२८ सालचा संप आपल्याकडच्या डाव्या मित्रांना फार प्रिय. एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने, लाख-दीड लाख कामगार, गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा. तो संप मोठाच होता, आम्ही कमी लेखत नाही. पण मागण्यांची यादी करताना विणकाम खात्याचे दार उघडा ही मागणी आपणहून कोणी केली नव्हती. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट बजावले की ही मागणी घेतली नाही तर अस्पृश्य कामगारांना संपापासून दूर राहायला सांगू. तेव्हा कुठे, नाइलाजाने, ती यादीत आली. कामगारांच्या एकजुटीच्या ज्या गाण्यांवर आजही माना डोलतात, त्या एकजुटीत सामील होण्यासाठी आपल्या माणसांना धमकी द्यावी लागली होती. त्या काळी विणकर हाच संघटनेचा कणा होता आणि त्याला दुखवायचे नव्हते, हे त्यामागचे साधे गणित. पुढे १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला तेव्हा त्यांना कामगारविरोधी ठरवणारे हा मागचा हिशेब सांगत नाहीत.

बाबासाहेब कामगारविरोधी असते तर १९३६ मध्ये त्यांनी काढलेल्या पक्षाचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष कशाला ठेवले असते? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध जो एक दिवसाचा संप झाला, त्यात लाल बावट्याच्या खांद्याला खांदा लावून ते उतरले. दोन शत्रू म्हटले होते, एक नव्हे. धोट्याची गोष्ट समजली की हे वाक्य किती शब्दशः खरे आहे ते कळते: पगार मालक कापत होता, दार सहकारी अडवत होता.

आणि मुंबईत कामगार चळवळ सुरू कुणी केली? १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली ती जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. रविवारची साप्ताहिक सुट्टी १८९० मध्ये गिरणी कामगारांना मिळाली ती त्यांच्या प्रयत्नांनी. म्हणजे या चळवळीच्या पायाचा दगडच सत्यशोधकी. आज ज्या आवारांत रविवारचा 'ब्रंच' हजारांच्या बिलाने खाल्ला जातो, तिथे रविवार आणला कोणी हे एखाद्या मेन्यूकार्डाच्या मागे छापायला काय हरकत आहे? हे गमतीने म्हणतोय, पण अगदीच गमतीने नाही.

आता जमिनीकडे येऊ. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. पुढच्या शंभर वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी, शिवडी, नायगाव असे सारे गिरणगाव उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या किंवा पाडल्या गेल्या, आणि उरली ती जमीन. ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर, शहराच्या मधोमध.

या जमिनीसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. त्याचे सूत्र सोपे होते: जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली. वाटणी आता संपूर्ण जमिनीची नाही, फक्त 'मोकळ्या' जमिनीची. ज्या जमिनीवर शेड उभ्या आहेत ती हिशेबातच नाही. एका शब्दाने शेकडो एकरांची मैदाने आणि घरे पुसली गेली. पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मालकांच्या विरोधात निकाल दिला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तेव्हापासून काचेचे मनोरे कसे उगवले ते आपण लोकलच्या खिडकीतून पाहिले आहे.

सगळ्याच गिरण्या पाडल्या गेल्या असे नाही. काहींच्या शेड राहिल्या आणि त्यांत दुकाने, जाहिरात कंपन्या, फॅशन स्टुडिओ, गाण्याचे क्लब, कलादालने आली. फिनिक्स गिरणीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस बोलिंगचा खेळ आला, मग मॉल, आणि चिमणी शोभेला उभी राहिली. मथुरादास, कमला, रघुवंशी, लक्ष्मी ही नावे आजच्या पंचविशीतल्या पोरांना ठाऊक आहेत ती हॉटेले, दुकाने आणि प्रयोगमंच म्हणून. यातल्या काही जागा खरोखर चांगले काम करतात हे नाकारण्यात अर्थ नाही. महालक्ष्मीच्या लक्ष्मी मिल इस्टेटमध्ये नाटक-सिनेमासाठी जो छोटा प्रयोगमंच आहे, तिथे गंभीर कामे होतात. पण याच आवारांत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ माणसे गेली. त्याच्या तीनच महिने आधी, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मेले होते. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, त्यांचे लोंढे मात्र त्याच जुन्या अरुंद पुलावरून जात राहिले. नव्या गिरणगावाची पाटी लिहायची तर या दोन तारखाही तिच्यावर यायला हव्यात.

कामगारांच्या घरांचे काय झाले? सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. आजवर मिळालेली घरे अर्जांच्या दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळली आहेत, आणि उरलेल्यांना आता शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला जातोय. गिरणगावाच्या नावाने विकली जाणारी हवा लोअर परळची, आणि गिरणगावकराला घर कर्जतच्या वाटेवर.

आता कलेबद्दल. आमच्यावर लगेच आरोप होईल की तुम्हाला कलेचे वावडे आहे, सगळीकडे जात शोधता. मित्रांनो, गिरणगावात कला २००० सालानंतर आली असे मानणाऱ्यांनी जरा लालबागच्या म्हाताऱ्यांना विचारावे. हनुमान थिएटरला तमाशे रंगत. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ चे, तिथे कामगार रात्री नाटके करत आणि सकाळी भोंग्याला हजर होत. त्याच दामोदर हॉलमध्ये मार्च १९२४ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी सभा बोलावली. चित्रप्रदर्शनांच्या यादीत हे येत नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले ते याच वस्त्यांच्या जिवावर. नारायण सुर्वे गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराला रस्त्यावर सापडलेले मूल, त्यांचे विद्यापीठ हीच गिरणगावची फुटपाथ. वामनदादा कर्डक शिवडीच्या बीडीडी चाळीत अक्षरे शिकले. आणि आंबेडकरी जलसे! ढोलकी, टाळ, एक पेटी, चाळीचा पटांगणाचा चौक आणि हजारभर माणसे जमिनीवर. तिकीट नाही, पाटी नाही, बॅग तपासणी नाही.

म्हणजे मुद्दा कलेचा नाही, पाहुणा कोण आणि यजमान कोण याचा आहे. या जागेत जे लोक गात होते ते आता तिथे पोहे-चहा पोचवायला किंवा गेटवर उभे राहायला जातात. आमची बॅग तपासणारा तो सुरक्षारक्षकही, नावाच्या पट्टीवरून आणि 'जय भीम'ला दबक्या आवाजात दिलेल्या उत्तरावरून, आपलाच निघाला. त्याला नोकरी टिकवायची आहे. त्याच्यावर आमचा राग नाही.

डाव्या आणि मराठी अस्मितेच्या गोटातून गिरणगावाचे जे हळवे चित्र रंगवले जाते, तेही आम्हाला पुरते मान्य नाही. जयंत पवारांचे 'अधांतर' आम्हाला आवडते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून जमवलेला इतिहास प्रत्येकाने वाचावा असा आहे. पण 'आम्ही सारे एका चाळीत भावासारखे राहत होतो' हे वाक्य कोणी म्हटले की आम्ही विचारतो, कोणत्या चाळीत? १० जानेवारी १९७४ ला पँथरच्या मोर्चात भागवत जाधव यांच्यावर वरून पाटा टाकला गेला तो याच गिरणगावात. वरळीच्या बीडीडी चाळींत त्या महिन्यात काय झाले ते आपल्या आईवडिलांना आठवते. कलेच्या आवारातून जात पुसली गेली हे खरे, पण ती पुसायला सुरुवात आधीच झाली होती, आणि पुसणारे हात आपल्याला कॉम्रेड म्हणणारेही होते.

वारसा कशाला म्हणायचे हे कोण ठरवते, याचा एक दाखला २५ जून २०१६ च्या पहाटेचा. दादरचे आंबेडकर भवन आणि त्यातला बुद्धभूषण छापखाना बुलडोझर लावून पाडण्यात आला. त्याच शहरात गिरणीची चिमणी राखण्यासाठी सल्लागार नेमले जातात, विटांचे फोटो काढले जातात. बाबासाहेबांचा छापखाना मात्र धोकादायक बांधकाम! १९ जुलैला भर पावसात आपण सारे रस्त्यावर उतरलो होतो, ते विसरणे शक्य नाही.

आता आपल्याच घराकडे बघू, कारण दुसऱ्यांना पाटी वाचायला शिकवताना आपली पाटी कोरी असून चालणार नाही. इंदू मिल, म्हणजे इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६. चैत्यभूमीच्या शेजारची साडेबारा एकर. ६ डिसेंबर २०११ ला आंबेडकरी कार्यकर्ते आत घुसले आणि जागा सोडली नाही, म्हणून तिथे आज स्मारक उभे राहते आहे. गिरणीची एक अख्खी जमीन मॉलच्या घशात जाण्यापासून सोडवली ती आपल्या चळवळीने. पण त्या चळवळीच्या भाषणांत आम्ही 'मिल' हा शब्द फक्त पत्त्यापुरता ऐकला. पुतळ्याची उंची किती फूट, यावर आपण वर्षानुवर्षे वाद घातला. गिरण्यांतल्या साच्यांपाशी कोणाला जाता येत होते आणि कोणाला नाही, हे विचारणारा आवाज फारसा निघाला नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावात एका जुन्या कापड गिरणीचे संग्रहालय आहे, राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग म्हणून १९७८ नंतर जपलेले. तिथल्या विणकाम खात्यात जुने माग अजून चालवून दाखवतात. आवाज इतका की बघायला येणाऱ्यांना कानात घालायला बोळे देतात. ज्या पोरींनी तिथे राबून जीव झिजवला त्यांची कहाणी तिथे सांगितली जाते. आपल्याकडे काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल २-३ च्या जागेवर महापालिकेचे वस्त्रसंग्रहालय आकार घेते आहे. तिथे काय ठेवायचे हे ठरवणाऱ्यांत आपला माणूस असलाच पाहिजे, नाहीतर तिथेही पैठणी आणि इमारतींच्या नक्षीवर गाडी थांबेल.

आमची मागणी मोठी नाही. इंदू मिलच्या स्मारकात आणि काळाचौकीच्या संग्रहालयात एकेक माग बसवा, एकेक तोंडाने ओढायचा धोटा काचेच्या पेटीत ठेवा, आणि त्याच्या खाली १९२८ च्या मागण्यांची यादी लावा, ज्यात विणकाम खात्याचे दार उघडण्याची मागणी कशी आली हे लिहिलेले असेल. गिरण्यांच्या आवारांत जे कलादालन विणकाम शेडमध्ये आहे, त्यांनी पाटीवर तीन ओळी वाढवाव्यात. त्यासाठी आम्ही पत्र लिहिले आहे. उत्तर आलेले नाही.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. आमच्या मित्राचे आजोबा गेले, पण त्यांचा बिल्ला आणि एक पगारपत्रक घरच्या ट्रंकेत सापडले. त्यावर खात्याचे नाव आहे. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग, जिथे जिथे बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे तिथे माणसे खोल्या रिकाम्या करताना अशा ट्रंका भंगारवाल्याला देत आहेत. घर बदलताना आधी ट्रंक उघडा. बिल्ला, पगारपत्रक, युनियनची पावती, जलशाच्या गाण्यांची वही, जे सापडेल त्याचा फोटो काढा आणि मागे लिहून ठेवा: नाव, गिरणी, खाते, साल. घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर मोबाईल समोर ठेवून एवढेच विचारा, "तुम्हाला साच्यावर कधी जाऊ दिले का?" आम्ही आतापर्यंत अकरा जणांना विचारले. एक आजी बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "आमी दारातूनच आवाज ऐकायचो."